टाळी मेली पाहिजे

निलेश कोणाच्याही घरी गेला की आधी एक टाळी वाजवतो. रामराम नंतर. मान वाकडी करून भिंतींकडे कान देतो आणि तोंड कडू करून म्हणतो, "घुमते." मग घरात पाहुणे बसलेले असोत की दुखवट्याची माणसं. सख्ख्या आत्याने यावरून त्याला एकदा दारातूनच परत पाठवलं होतं.

हा आमच्या शेजारचा. धामणगाव बढ्याच्या स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण ते पोटापुरतं. आपण रॅपर आहोत, असं तो सांगतो. त्याला पहिला अल्बम काढायचा होता. नाव 'फवारणी'. पाठीवरचा पंप, बोंडअळी, लाइट जाणं, मुलीवाल्यांचे नकार, सगळं त्यात. फक्त रेकॉर्डिंगला न घुमणारी खोली लागते आणि गावातल्या सगळ्या खोल्या घुमतात.

गेल्या हिवाळ्यात तो विरजण मागायला आला. आमच्या मागच्या खोलीत कापूस भरलेला होता, भाव चढेल म्हणून थांबवलेला. त्याने सवयीने दारातून टाळी वाजवली. आवाज हातातच राहिला.

"काकू, टाळी मेली," तो म्हणाला. इतक्या हळू तो कधी बोलला नव्हता.

विरजण राहिलं. त्या दिवसापासून तो दुपारी दुकान बंद करायचा आणि कापसात शिरायचा. केसांत कापूस, नाकात कापूस. दुसऱ्या गाण्यातल्या दोन शिंका त्याने तशाच ठेवल्या आहेत.

मी दाराशी शेंगा फोडत बसायची. हा एक ओळ म्हणायचा, मग गप्प राहून नुसती मान हलवायचा, मग पुढची म्हणायचा.

"काऊन रे, इसरला काय?" मी विचारलं.

"नाही काकू. थे संज्याची जागा हाये."

संज्या त्याचा जोडीदार. शाळेपासून दोघं मिळून रचायचे, एक ओळ याची, एक त्याची. दोन वर्षांपासून संज्या चाकणला कंपनीत आहे. त्याला ओळी फोनवर म्हणून पाठवायला सांग, असं मी सुचवलं. निलेशला पटलं नाही. एकमेकाच्या तोंडाकडे पाहून म्हणायच्या असतात, म्हणे. संज्या प्रत्येक सुट्टीत येणार होता.

आम्हाला कापूस विकायचा होता. भाव अजून चढेल असं घरात सांगून मी एकदा कापसाची गाडी परत पाठवली. दुसऱ्यांदा ते जमलं नसतं. सोमवारी गाडी येते, असं निलेशला सांगितलं.

"रविवारी येऊन राह्यला थो," तो म्हणाला.

रविवारी त्याने दुकान उघडलं नाही. बुलढाण्याहून येणाऱ्या प्रत्येक एसटीपाशी तो उभा होता. संध्याकाळी संज्याचा मेसेज आला, ओव्हरटाइम लागला. सोमवारी कापूस गाडीत भरायला निलेशच सगळ्यांच्या पुढे होता.

गाडी गेल्यावर मी खोली झाडायला घेतली. तो आला, मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली. अख्खी खोली घुमली. आता तोंड कडू करेल म्हणून मी पाहत होते. केलं नाही.

"काकू, झाडणं थांबवा जरासं."

त्याने मोबाइल कोनाड्यात ठेवला. एक ओळ म्हणाला आणि गप्प राहिला. भिंतींनी त्या ओळीचं शेपूट, जरा बारीक करून, त्याला परत दिलं. मग त्याने पुढची म्हटली.

"घुमून राह्यलं रे," मी म्हटलं.

"घुमू द्या, काकू."

अल्बम निघाला. त्यावर नावं दोघांची आहेत. शेवटचं गाणं रिकाम्या खोलीतलं, बाकी गाण्यांत संज्याच्या जागा मोकळ्या.

परवा मी चार्जर घ्यायला दुकानात गेले होते. गल्लीतले एक आजोबा फोन घेऊन आले. "तुही फवारणी लावली का मधातच आवाज जाते बे. पाह्य बरं काय बिघडलं."

निलेशने फोन घेतला, गाणं लावलं. एक ओळ झाली, आवाज गेला. पुढची ओळ येईपर्यंत तो मान हलवत राहिला.

"मोबाइल चांगला हाये तुमचा," तो म्हणाला आणि फोन परत दिला.