तेवीस धुण्यांचा लाल फ्रॉक

“या घरातल्या पोरींच्या एकाही कपड्याचा रंग यापुढे उतरणार नाही!”

अशी घोषणा मॅडमनी एका रविवारी सकाळी वॉशिंग मशीनवर उजवा हात ठेवून केली. कोर्टात शपथ घेतात ना, अगदी तशी.

मॅडम म्हणजे त्या घरातली सून आणि दोन मुलींची आई. नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत. तिथे सगळे त्यांना मॅडम म्हणत. नवऱ्यानं ते एकदा फोनवर ऐकलं आणि तेव्हापासून घरातही तेच नाव रुळलं. रसायनशास्त्रातली मोठी पदवी, अक्षर छापल्यासारखं, बोलणं मोजकं आणि बोललेलं दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत अचूक!

“आणि माझा हा बनियन?” नवऱ्यानं आशेनं विचारलं.

“त्याचा मूळ रंग कुणालाच आठवत नाही. तो प्रयोगात घेता येणार नाही.”

घोषणेमागे कारण होतं. थोरली साडेसात वर्षांची, धाकटी सहाची. थोरलीचे कपडे धाकटीकडे यायचे आणि येताना निम्मा रंग वाटेत सांडून यायचे. निळा स्वेटर आभाळी होऊन आला, तपकिरी पँट चहासारखी होऊन आली. धाकटीनं कधी कुरकूर केली नाही. पण आठवड्यापूर्वी शाळेत ‘भाजीची टोपली’ नावाचं नाटुकलं झालं. त्यात धाकटी टोमॅटो होती. अंगात थोरलीचा जुना लाल फ्रॉक. तो लाल आहे हे घरच्यांना ठाऊक होतं. प्रेक्षकांना कोण सांगणार? धाकटीनं टोपलीतून उडी मारली मात्र, पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई कौतुकानं ओरडल्या, “अगंबाई, कांदा बघा किती गोड!” झालं! सगळ्या सभागृहानं कांद्याला टाळ्या दिल्या. खरा कांदा झालेली मुलगी शेजारी उभी होती, तिनं भोकाड पसरलं ते निराळंच.

धाकटी दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, “आई, पुढच्या वर्षी मी परत टोमॅटो झाले, तर लोकांना कळेल का गं?”

मॅडमनी तिला जवळ ओढलं.

“त्यात काय, नवा लाल फ्रॉक घेऊन टाकू,” नवरा म्हणाला.

पण धाकटीला दुकानातला नको होता. नवऱ्याची बहीण, म्हणजे मुलींची आत्या, लांब राहायची. तिनं नुकताच थोरलीसाठी एक फ्रॉक हातानं शिवून पाठवला होता. लालबुंद! आणि गळ्याला देठाच्या पानांसारखी कातरलेली हिरवी कॉलर. त्याहून अस्सल टोमॅटो मळ्यातही मिळाला नसता. थोरली तो वर्षभर घालणार आणि पुढच्या कार्यक्रमाला तो धाकटीचा होणार, असं दोघी बहिणींनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

“पण लाल असतानाच हं!” धाकटीनं बजावलं.

“लाल असतानाच,” मॅडमनी शब्द दिला.

घोषणेच्या रविवारी दुपारीच मशीनच्या झाकणावर कागद चिकटला. फ्रॉक उलटा करून धुणे. गार पाणी. साबण अर्धा, तोही मापानं. भिजत ठेवणे नाही. पिळणे नाही. इतर कपड्यांशी संगत नाही. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित करून: ऊन नाही!

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. “मूठभर मीठ घालायचं राहिलं की गं यात.”

“आई, हल्लीचे रंग घरी मीठ घालून पक्के होत नाहीत. ते कारखान्यातच व्हावे लागतात.”

“बरं बाई. मग मीठ आमटीतच घालते,” असं म्हणून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. वाद घालणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. आणि स्वतःहून कुणाला काही विचारणं, हा मॅडमचा!

आता रंग उतरला की नाही, हे ठरवायचं कसं? नवरा म्हणाला, “डोळ्यांनी.” त्यावर मॅडम नुसत्या हसल्या. प्रयोगशाळेत नमुना घेतल्याशिवाय कुणी काही म्हणत नाही. शिवणीच्या आत जादा कापडाची पट्टी सोडलेली असते, शिंपी तिला माया म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही, कुणाच्या कामाची नाही, असं मॅडमनी गृहीत धरलं. दर धुण्यानंतर त्यातला करंगळीच्या नखाएवढा, बरोबर एक सेंटिमीटरचा तुकडा त्या कापायच्या. डावीकडचा एक, उजवीकडचा एक. एकाच बाजूचा घेतला तर निष्कर्ष एकांगी होतो ना! सुरुवात काखेपासून, मग खाली खाली. तुकडे एका पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवायचे, खाली तारीख आणि पाण्याचं तापमान. पुठ्ठा काळ्या पाकिटात, पाकीट कपाटात, कपाटाची किल्ली पर्समध्ये. घरात कुणाला पत्ता नाही. प्रयोग चालू असताना त्याची वाच्यता करायची नसते.

ऊन टाळणं मात्र सगळ्या घराचं काम झालं. फ्रॉक वाळायला गच्चीत हवा, पण सावलीत. सावली काही एका जागी बसत नाही! मग सुट्टीच्या दिवशी नवरा वर्तमानपत्र घेऊन गच्चीत बसायचा आणि दर वीस मिनिटांनी कपड्यांचा स्टँड सावलीमागे सरकवायचा.

“काय हो, स्टँडला फिरायला नेता का?” शेजारच्यांनी विचारलं.

“डॉक्टरांनी सांगितलंय,” तो म्हणाला. “आमच्याकडे पीएच.डी. असलेले डॉक्टर आहेत.”

थोरलीवर तर खरी आपत्ती आली. फ्रॉक अंगात असेल तेव्हा तिनं सावलीतूनच चालायचं, असा दंडक होता. बिचारी भिंतीच्या कडेकडेनं पालीसारखी सरकायची. रस्ता ओलांडायचा तर एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली धूम! शनिवारी शाळेत गणवेश नसायचा. दोन शनिवार हा प्रकार पाहून वर्गशिक्षिकेनं चिठ्ठी पाठवली: ‘आपल्या मुलीला उन्हाचा काही आजार आहे का? असल्यास कळवावे. तिची जागा खिडकीपासून हलवली आहे.’

मॅडमनी उत्तर लिहिलं: ‘मुलीला आजार नाही. फ्रॉकला आहे.’

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी फार मायेनं चौकशी झाली!

पण थोरली एकदाही फुरंगटली नाही. “मी सावलीत चालते, पण हिचा टोमॅटो होऊ दे,” म्हणाली. मॅडम आजही सांगतात, त्या वर्षी घरच्यांनी आपल्यापायी जे सोसलं, त्याची फेड या जन्मी होणार नाही.

वर्ष सरलं. तेवीस धुणी झाली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मॅडमनी दार लावून पुठ्ठा बाहेर काढला. पहिल्या जोडीपासून तेविसाव्या जोडीपर्यंत सारखाच लाल! मॅडमसारखी शांत बाई, पण खुर्चीतल्या खुर्चीत चक्क एक गिरकी घेतली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी फ्रॉक धाकटीच्या अंगात गेला आणि तिचा चेहराही फ्रॉकच्या रंगाचा झाला.

“आई, मी दिसतेय का?”

“कोण?”

“टोमॅटो!”

“दुसरं काही दिसणं शक्यच नाही,” मॅडम म्हणाल्या. यात दशांशाचीही चूक नव्हती.

सभागृह गच्च भरलं होतं. गाजर आलं, मुळा आला, कोबी रडत रडत आला. मग बाईंनी माइकवरून सांगितलं, “आणि आता...” टोपलीत दबा धरून बसलेल्या धाकटीनं दोन्ही हात आकाशाकडे फेकत उंच उडी मारली.

“मी टोमॅटो लालबुं—”

टर्रर्र!

डावी शिवण काखेपासून कमरेखालपर्यंत उसवली. धाकटीनं दचकून उजवा हात आणखी वर केला, तर उजवीही गेली. टर्रर्र! फ्रॉकचं पुढचं अंग पुढे लोंबायला लागलं, मागचं मागे, आणि मधोमध पांढऱ्या पेटीकोटात टोमॅटो हात वर करून उभा!

मॅडम जागच्या जागी थिजल्या. एका क्षणात सगळं गणित त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. तेवीस धुणी, प्रत्येक बाजूला तेवीस सेंटिमीटर. शिवणीला धरायला आत कापडच ठेवलं नव्हतं त्यांनी!

धाकटीचा ओठ बाहेर आला. आता रडणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून कुणीतरी उठलं आणि पदर खोचून तडक रंगमंचावर चढलं. सासूबाई! पर्समधून सेफ्टी पिनांचा झुबका निघाला. एक पिन तोंडात, दोन हातात, आणि त्यांनी भर रंगमंचावर नातीला टाचायला घेतलं.

सभागृहात कुजबुज. “या कोण?” “नाटकात आहेत का?”

बाई मोठ्या हुशार. त्यांनी माइक उचलला. “आणि ही पाहा, बागेतली माळीणबाई आली! टोमॅटोच्या झाडाला आधार द्यावाच लागतो, हो की नाही, मुलांनो?”

“होऽऽऽ!”

सासूबाईंनी शेवटची पिन लावली, प्रेक्षकांकडे वळून नमस्कार केला आणि नातीच्या कानात काहीतरी सांगितलं. धाकटीनं नाक ओढलं, छाती पुढे काढली आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडली, “मी टोमॅटो लालबुंद!”

“अरे, टोमॅटो बघा काय लाल आहे!” मागून कुणीतरी म्हणालं.

“इतका पिकलाय, की उललाय!” दुसऱ्यानं जोड दिली.

टाळ्या थांबेनात. धाकटीला कुणी कांदा म्हटलं नाही, मुळा म्हटलं नाही. टोमॅटो, टोमॅटो आणि टोमॅटोच! मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते तपासायची त्यांना अजिबात इच्छा झाली नाही.

खरा पेच घरी आल्यावर पडला.

“आक्काची शिलाई इतकी कच्ची असेल असं वाटलं नव्हतं,” नवरा चपला काढता काढता म्हणाला. आक्का म्हणजे त्याची बहीण, फ्रॉक शिवणारी आत्या.

सासूबाई फ्रॉक मांडीवर घेऊन पिना काढत बसल्या. मघाशी शेकडो लोकांपुढे न बावरलेला त्यांचा चेहरा आता मात्र उतरला होता. शेवटी म्हणाल्या, “लेक माझी घाईत असेल. तिच्यामागे का कमी कामं आहेत?”

मॅडमना ते ऐकवेना. त्या उठल्या. पर्समधून किल्ली, कपाटातून पाकीट, पाकिटातून पुठ्ठा. तो त्यांनी सासूबाईंपुढे ठेवला.

“आई, वन्संची शिलाई चांगली होती. मीच आतून कापड कापत गेले. रंग तपासायला.”

थोरलीनं वाकून तुकडे मोजले. “शेहेचाळीस!”

“अगं, हा फ्रॉक होता की बेडूक?” नवरा म्हणाला. “चिरफाड करायला!”

“तुम्ही आज धावला नसतात, तर माझ्या लेकीचं...” मॅडम सासूबाईंना म्हणाल्या. “तुमचे उपकार कसे मानू, आई?”

“उपकार कसले मानतेस? नात माझी नाही का?” सासूबाईंनी पुठ्ठा दिव्याखाली धरून बराच वेळ निरखला. चेहरा हळूहळू खुलला. “रंग मात्र जराही गेला नाही हो! थांब, खात्री करू.”

त्या आत गेल्या आणि त्यांच्या कपाटाच्या तळातून एक घडी घेऊन आल्या. उलगडली. हातभर लाल कापड! फ्रॉक त्याच्यावर ठेवला, तर कुठे फ्रॉक संपतो आणि कुठे कापड सुरू होतं, तेच कळेना.

“हे... हे कुठलं?” मॅडमनी विचारलं.

“फ्रॉकमधून उरलेलं. लेकीनं तेव्हाच बरोबर पाठवलं होतं, कधी लागलं तर असू दे म्हणून. पाणी लागलेलं नाही, ऊन लागलेलं नाही. तुला तुलनेला असंच काहीतरी हवं होतं ना?”

“हो,” मॅडम क्षीण आवाजात म्हणाल्या. “अगदी असंच.”

“मग विचारायचं नाही का गं?”

पंधरा वर्षांच्या नोकरीत मॅडमना असा प्रश्न कुठल्याही साहेबानं विचारला नव्हता. त्यांनी सासूबाईंचा हात धरला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम, सासूबाई आणि धाकटी शिंप्याच्या दुकानात गेल्या. शिंपीकाकांनी फ्रॉक उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

“उंदरानं कुरतडला का? पण दात फारच सरळ दिसतात.”

“सरळच आहेत,” सासूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या. “तुम्ही हे कापड घ्या आणि दोन्ही बाजूंना पट्टी घाला. मापात जरा सैल होऊ दे, म्हणजे पोरीला अजून दोन वर्षं जाईल.”

काकांनी खडूनं खूण केली. “आणि शिवणीत कापड किती सोडू?”

मॅडमनी तोंड उघडलं. पण धाकटी टाचा उंचावून टेबलावर ओणवली आणि काकांच्या कानाशी, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली,

“भरपूर सोडा, काका. फक्त कुठं सोडलंय, ते आईला सांगू नका!”