शेळीला ऐंशी थेंब

"अजून महिनाभर बघते. पोरगी सुधारली न्हाई तर मानवतला माझ्याकडं घेऊन जाते," असं बजावून चांगुणाबाई गेल्या आणि त्यांचा जावई सिताराम मुलीकडं बघत बसला. बायको बाळंतपणात गेली, त्याला तीन महिने झाले होते. घरात बोलायला मुलगी तेवढी उरली होती, आणि ती अजून बोलत नव्हती.

म्हशीचं दूध तिला पचेना. सितारामनं शेळी विकत आणली आणि मुलीला परभणीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. शेळीच्या दुधातले चरबीचे कण बारीक असतात, पोटात त्याचं दही मऊ होतं, म्हणून ते पचायला हलकं. मात्र त्यात फॉलिक ॲसिड फार कमी. नुसत्या त्या दुधावर लेकराला रक्त कमी पडतं. म्हणून रोज दहा थेंब औषध.

पेडगावला परतताना सितारामनं विचार केला. म्हशीच्या दुधात लोणी कमी पडलं तर आपण म्हशीला सरकी चारतो. पोराला लोणी चारत नाही. मग दुधात कमी असलेलं औषध शेळीलाच द्यायला पाहिजे. डॉक्टर शहरातले, त्यांना जनावराचं काय ठाऊक?

चार किलोच्या मुलीला दहा थेंब, तर शेळीला किती? त्यानं शेळीला धान्याच्या काट्यावर चढवलं. बत्तीस किलो भरली. म्हणजे ऐंशी थेंब. भाकरीवर टाकलेलं औषध शेळी आवडीनं खाऊ लागली. महिनाभराची बाटली चौथ्या दिवशी संपली.

परभणीच्या दुकानात किशनराव औषधवाले म्हणाले, एका लेकराला एवढं औषध देता येणार नाही. खरं सांगायची सितारामला लाज वाटली. घरात तीन लेकरं आहेत, असं तो बोलून गेला. मग तीन बाटल्या मिळाल्या. पुढच्या खेपेलाही मिळाल्या.

किशनराव राहायला मानवतला, चांगुणाबाईंच्याच गल्लीत. सितारामला हे माहीत नव्हतं. एके दिवशी त्यांनी चांगुणाबाईंना सहज विचारलं, पेडगावच्या जावयाची तिन्ही लेकरं बरी आहेत ना?

चांगुणाबाई जागेवरच बसल्या. लेकीचं लेकरू एक. मग बाकीची दोन कुणाची? जावयानं दोन लेकरांची बाई घरात घेतली, यात त्यांना शंका राहिली नाही. पहिल्याच गाडीनं त्या पेडगावला आल्या आणि घर धुंडाळू लागल्या. चुलीजवळ पाहिलं, कणगीमागं पाहिलं.

"काय शोधायलाव, मामी?"

"ती दोन लेकरं कुठं हायत?"

सितारामचं तोंड उतरलं. तो त्यांना मागच्या गोठ्यात घेऊन गेला. शेळी रवंथ करत होती.

"ही हाय ती दोन लेकरं," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

चांगुणाबाई तडक घरात शिरल्या. मुलीचे कपडे गाठोड्यात बांधले, मुलीला उचललं आणि परभणी गाठली. मागून सिताराम.

मुलगी पावणेपाच किलो भरली. सिताराम खुलला. तेवढ्यात डॉक्टरांनी औषध चालू आहे का, असं विचारलं. चांगुणाबाईंनीच सगळं सांगितलं. डॉक्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शेळीच्या पोटात चार कप्पे असतात, औषध तिथंच मोडून जातं, दुधापर्यंत पोचत नाही, असं म्हणाले. मुलीचं रक्त थोडं कमी आहे, ते भरून येईल. आजपासून थेंब तिलाच. "शेळीची मात्र काळजी नको. एवढं औषध माझ्या एकाही पेशंटनं घेतलेलं नाही."

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चामुळं गाड्या उशिरा होत्या. दोघं मुलीला घेऊन स्टँडवर बसले.

"वाढली तर हाय पोरगी," सिताराम हळूच म्हणाला.

"वाढली. शेळीच्या जिवावर. तुमच्या न्हाई."

 मानवतची गाडी लागली. सिताराम उठला आणि गाठोडं घेऊन खिडकीतून जागा धरायला निघाला. चांगुणाबाईंनी मागून त्याचा सदरा धरला.

"तिकडं कुठं निघालाव? पेडगावची गाडी पल्याड लागलीय."

"आन् पोरगी?"

"पोरीला घेऊन गेले तर तुमच्याकडं कोण बघंल? एकटं सोडलं तर महिन्याभरात शेळीला झबलं शिवताल. चला, मी बी येते."