कुरड्यांची वेझर

सीमा अमरावतीहून घरी आली, गच्चीवर गेली, आणि तिची नदी तिला उन्हात वाळत पडलेली दिसली.

नदी म्हणजे जर्मनीतली वेझर. शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन नकाशावर पारदर्शक प्लास्टिकचा ताव अंथरून सीमानं तिचा जुना प्रवाह निळ्या शाईनं उतरवला होता. अख्खा हिवाळा त्यात गेला होता. हा ताव आजच्या नकाशावर ठेवला की नदी कुठं सरकली ते कळायचं. तेच बघायला विद्यापीठातले तिचे मार्गदर्शक तनवीर सर दुपारी अकोल्यात येणार होते. पटलं, तर जर्मनीला जायच्या अर्जावर सही करणार होते. आणि तिच्या आईनं, सुभद्राबाईंनी, काल नेमक्या त्याच तावावर कुरड्या घातल्या होत्या.

"आई, हाच ताव काहून घेतला?"

"चीक चिकटत नाही त्याले. अन् रेघ होती, तं रांग कशी झ्याक आली पाह्य."

सीमानं एक कुरडई उचलली. शाई तावावर नव्हतीच, ती कुरडईच्या पोटाला लागली होती. तिनं कुरडई श्वास रोखून जागेवर ठेवली. आता नदी उरली होती ती या कुरड्यांच्या रांगेतच. तिनं धाकट्या भावाला, नितेशला, पाखरं हाकलायला बसवलं आणि जिन्यात येरझारा घालत राहिली.

सर आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळून गच्चीवर उकिडवे बसले.

"हे काय आहे, सीमा?"

"जुना प्रवाह, सर."

सरांनी शेजारी आजचा नकाशा पसरला. बोट फिरवता फिरवता ते एका जागी थांबले. "इथं तर प्रवाह तुटलाय. म्हणजे नदीनं हे वळण तेव्हाच सोडलं होतं. अरे, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

सीमानं नितेशकडं पाहिलं. त्याचे ओठ निळे होते. गप्प बसावं असं तिला फार वाटलं.

"सर, नदीनं नाही सोडलं," ती म्हणाली. "नितेशनं खाल्लं."

"मधून ओलीच होती," नितेश म्हणाला. "मस्त लागली."

सरांनी पेनाला टोपण लावलं. सरांनी त्या निळ्या ओठांकडं पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

"दुसऱ्या कुणी या वळणावर निबंध छापला असता," म्हणत त्यांनी कठड्यावर कागद ठेवून सही केली. "फक्त हा ताव उद्या जसाच्या तसा विभागात आण. सगळ्यांना दाखवू."

सरांना निरोप देऊन सीमा मोबाइल घेऊन पळत सुटली. निदान आता तरी फोटो काढून ठेवावा. जिन्यातच सुभद्राबाई भेटल्या. काखेत डबा होता आणि हातात लखलखीत ताव.

"सरायनं पाह्यलं ना? मंग भरून टाकल्या कुरड्या. अन् तुह्या कामाचा हाये म्हनून ताव बी घासून धुतला."