चार फोन, आठ नावं आणि भानुदास

आमच्या शेजारी भानुदास राहतो. त्याच्याकडं चार मोबाइल आहेत आणि चारांतल्या एकावरही तो कुणाशी बोलायचा नाही. फोन उचलायचा, पण समोरच्यानं तोंड उघडलं की म्हणायचा, "ठेवा. लाईन मोकळी पाहिजे." आणि कट करायचा. एकदा दौंडहून त्याच्या मेव्हण्यानं सासरे गेल्याचं कळवायला फोन केला. त्यालाही हेच ऐकायला मिळालं. शेवटी त्यांनी पुढच्या गाडीनं माणूस पाठवला.

फोन जुने, बटणांचे. प्रत्येकात दोन सिम. पाठीमागं दवाखान्यातल्या दोन-दोन चिकटपट्ट्या, प्रत्येकीवर बॉलपेननं एक नाव. चारही फोन खताच्या गोणीच्या पिशवीत आणि पिशवी कायम खांद्याला. पिशवीत काही वाजलं की भानुदास जागेवर थांबायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि सांगायचा, "भिगवणची हाय." नुसत्या आवाजावरनं. मलाही गोठ्यात कुठली म्हैस ओरडली ते घरातनं कळतं. पण माझ्या म्हशी दोनच आहेत. म्हशींचं पुढं येईल.

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. त्यामुळं हे काय प्रकरण आहे ते मला उशिरा समजलं. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांची फी सरकार भरतं, पण त्याला अर्ज करावा लागतो. अर्ज कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर माणसाला ओळखत नाही, म्हणून दर खेपेला मोबाइलवर सहा आकडे पाठवतो आणि विचारतो, तूच का तो. त्या आकड्यांना ओटीपी म्हणतात. दहा मिनिटांत ते शिळे होतात.

भानुदास बारामतीच्या एका कॉलेजात शिपाई होता. नोटीस लावायची, घंटा द्यायची, साहेबाला पाणी द्यायचं. तिथं त्यानं एक गोष्ट बघितली. अर्ज करताना पोरगं बापाचा नंबर देतं. बाप ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर. दोन महिन्यांनी बाप सिम बदलतो, आणि अर्जात चूक आहे हा निरोप बंद नंबराला जाऊन पडतो. भिगवणच्या एका मासेवाल्याच्या पोरीचा तर फोनच धरणाच्या पाण्यात पडला. त्याच्यामागं तिची वर्षाची सवलत गेली. रिटायर झाल्यावर भानुदासनं पहिला फोन घेतला तो तिच्यासाठी. मग दुसरा, तिसरा, चौथा. आठ सिम, आठ पोरं. पोरगं बारामतीच्या सायबर कॅफेतनं ओरडायचं, "तात्या, पाठवलाय," आणि हा हितनं आकडे सांगायचा. तेवढं बोलणं त्याला चालायचं. पोरं त्याला ओटीपीतात्या म्हणायची. ह्याला राग यायचा नाही.

"दहा मिनिटं हायत" हे त्याचं कायमचं बोलणं. चहा निवतोय, दहा मिनिटं हायत. एसटी लागलीय, दहा मिनिटं हायत. एका लग्नात मुहूर्त टळायला आला, तर हा भर मांडवात नवरदेवाच्या बापाला म्हणाला, "पाव्हणं, दहा मिनिटं हायत. न्हायतर पुन्यांदा अर्ज करावा लागंल." बाप अजून आमच्या गल्लीनं जात नाही.

मला हा माणूस अर्धवट वाटायचा. तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही होतं. मग माझ्या नातीचं, सोनालीचं झालं.

सोनालीला बारामतीत डिप्लोमाला नंबर लागला, मशीनच्या कामाचा. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. फीची सवलत मिळाली तर शिक्षण, नाहीतर घर. घरी बसली असती तर दिवाळीच्या आत लग्न लागलं असतं, स्थळं दाराशी होतीच. सवलतीला उत्पन्नाचा दाखला लागतो. जमीन माझ्या नावावर, म्हणून मला चावडीत तलाठ्यापुढं जावं लागलं.

आता तिथं बाकावर नेमका माझा इंदापूरकडचा व्याही बसलेला. त्याच्या दारात ट्रॅक्टर, तोंडात सोन्याचा दात. तलाठ्यानं मला विचारलं, "आबा, ऊस किती? दूध किती? जनावरं किती?" व्याही कान देऊन ऐकतोय. मी म्हणालो, "म्हशी सात." उसाचंही तसंच सांगितलं. तलाठ्यानं वर बघितलं आणि लिहून घेतलं. दाखला आला. आकडा बघून मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

सोनालीनं तो कागद शेजारी नेला. भानुदासनं वाचला, उलटा करून पाठीमागं बघितलं, आणि कुंपणापाशी येऊन मला म्हणाला, "आबा, ह्या दाखल्यावर पोरीला काय मिळायचं न्हाय. पर तुमाला मातर सरकार कर लावंल."

"मग लावू दे," मी म्हणालो.

"म्हशी किती हायत?"

"तुला काय करायच्यात?"

"मला न्हाय. कॉम्प्युटरला पाहिजेत."

मुदत सहा दिवसांची राहिली होती. पुन्हा तलाठ्याकडं जाऊन, लोकांच्या देखत, मी खोटं बोललो म्हणून सांगायचं? मी सोनालीला म्हणालो, एक वर्ष थांब. तिनं मशीनच्या चित्रांचं पुस्तक फडताळात ठेवलं आणि शेण काढायला गेली. तीन दिवस ती माझ्याशी नीट बोलत होती, तेच वाईट होतं.

चौथ्या दिवशी दुपारी भानुदास पळत आला. हा माणूस पळताना मी पहिल्यांदा बघितला. पिशवी पाठीवर आपटत होती.

"आबा, टोपी घाला. चावडीतला बाक मोकळा हाय. दहा मिनिटं हायत."

नंतर कळलं, सकाळी आठपासनं तो चावडीसमोरच्या टपरीवर बसून होता. बाकावरचा शेवटचा माणूस उठायची वाट बघत.

तलाठ्यापुढं मी नुसती टोपी नीट करत बसलो. भानुदासच म्हणाला, "साहेब, आबांची मोजताना चूक झाली. नजर कमी झालीया. शेजाऱ्याच्याबी मोजल्या."

"शेजारी कोण?"

"मीच की."

"तुमच्याकडं म्हशी हायत?"

"न्हाईत. म्हणून तर चूक म्हणतो."

तलाठी हसला. मग त्यानं पेन घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. हे मात्र माझं मलाच सांगायला लागलं. "दोन," मी म्हणालो. त्यानं ऊसही विचारला. खरा सांगितला. त्याच संध्याकाळी भानुदास नव्या दाखल्यासाठी तहसीलला जाऊन बसला. मुदत संपायच्या आत सोनालीचा अर्ज गेला, आणि शेवटच्या रिकाम्या सिमवर तिच्या नावाची पट्टी चिकटली. म्हशींचं त्यानं पुढं कुठं काढलं नाही. मीही त्याला अर्धवट म्हणायचं थांबवलं, तोंडावर तरी.

तीन वर्षं गेली. सोनाली पास झाली. लगेच एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिला सरकारी प्रशिक्षणाची जागा मिळाली. सहा महिने काम शिकायचं, वर विद्यावेतन. पण हजेरीचे निरोप तिच्या स्वतःच्या फोनवर यायला पाहिजेत. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नंबर बदलला नाही तर जागा दुसऱ्याला. आणि नंबर बदलायचा तर आधी ओटीपी येणार जुन्या नंबराला, म्हणजे भानुदासच्या पिशवीत.

दुपारी दोनलाच सोनाली त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. मीही गेलो. तिनं फोनवर काहीतरी दाबलं. पिशवीत वाजलं.

"तात्या, आला का?"

"बघतो." त्यानं चष्मा शोधला. चष्मा खिशात होता. मग दुसराच फोन काढला. तो ठेवून तिसरा काढला. दहा मिनिटं झाली. "शिळा झाला की," तो म्हणाला. "पुन्यांदा पाठीव."

तिनं पाठवला. आता बॅटरी सैल झाली. त्यानं झाकण उघडलं, बॅटरी धोतराला पुसली, बसवली, फुंकर घातली. पुन्हा दहा मिनिटं. ज्या माणसानं लग्नालाही थांबू दिलं नाही तो बॅटरी पुसत बसला होता. मी बोलणारच होतो. सोनालीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तात्या, मी चहा टाकते," ती म्हणाली. "चहा झाला की पाठवते."

तिनं त्याच्याच चुलीवर चहा केला. साखर कुठं असते ते तिला ठाऊक होतं. आम्ही तिघांनी चहा घेतला. मग तिनं तिसऱ्यांदा पाठवला, आणि त्यानं आकडे वाचले. एकेक, थांबून थांबून, हजेरी घेतल्यासारखे. सहावा आकडा सांगून त्यानं नखानं पट्टी सोलली. फोनवर तेवढीच जागा स्वच्छ राहिली होती.

परत येताना मी म्हणालो, "काय झालं होतं त्याला?"

"सगळ्यांच्या वेळी असंच करतात ते," सोनाली म्हणाली. "भिगवणच्या ताईनं मला आधीच सांगितलं हुतं, दुपारीच जा म्हणून."

आठातली सात नावं आधीच गेली होती. नवीन आलंच नाही. आता पोरांच्या हातात स्वतःचे फोन असतात आणि कॉलेजात अर्ज भरून द्यायला माणूस बसतो. भानुदासची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पिशवी अजून खांद्याला असते. चारही फोन तो रोज चार्ज करतो. वाजत नाहीत.

मी मोबाइल घेणार नाही असं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. सोनालीनं नवीन घेतला तेव्हा तिचा जुना फोन माझ्या उशाशी ठेवून गेली. त्यात एकच नंबर घातला होता, तीन वर्षं तिच्या नावाच्या पट्टीखाली होता तो. हिरवं बटण कुठलं, ते तिनं दाखवलं होतं. आठ दिवस मी हात लावला नाही. नवव्या दिवशी दुपारी दाबलं.

आमच्या दोघांत एकच भिंत आहे. पलीकडं वाजलेलं मला ऐकू आलं. बराच वेळ वाजलं. मग त्यानं उचलला.

"कोण?"

"मी. शेजारचा."

"काय काम हाय, आबा?"

"काय न्हाय."

आता तो "ठेवा" म्हणेल म्हणून मी थांबलो. भिंतीपलीकडं खाट करकरली. बसला असावा.

"बोला की," तो म्हणाला. "म्हशी कशा हायत?"

"दोन हायत," मी म्हणालो.