सासूबाईंनी मारलेलं इंजिन

ताइस्तो आपल्या स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावरच्या गाडीचं, इंजिन उघडायला बसला, तेव्हा गॅरेजात सुतकी शांतता होती. बंद पडलेली गाडी ओन्नीने तळ्यावरून ओढून आणली होती. ओढून आणणाऱ्याला कॉफी पाजायची आणि इंजिन उघडताना हजर राहू द्यायचं, ही आमच्या लाप्लँडची रीत. ओन्नी आला म्हटल्यावर त्याचा शेजारी काल्लेर्वोही आला. दोघेही रविवारच्या शर्यतीत ताइस्तोचे प्रतिस्पर्धी. शर्यत फक्त कंपनीतून आल्या तशा, इंजिनाला हात न लावलेल्या गाड्यांची. त्या तपासायचं काम गावाने मोठ्या विश्वासाने ताइस्तोवर सोपवलं होतं.

कोपऱ्यात त्याच्या सासूबाई, सायमी, टोपी हातात धरून उभ्या होत्या. बर्फाखालची मासळीची जाळी काढायला त्याच गाडी घेऊन गेल्या होत्या.

"वाटेत पेट्रोल संपलं, म्हणून लाकूड कापायच्या मोटार-करवतीचा कॅन ओतला," त्या म्हणाल्या. "तेल मिसळलेलंच होतं त्यात. मग डब्यात खडे वाजावेत तशी वाजायला लागली, अन् गप्पच झाली."

ताइस्तोने प्लग काढला. टोकावर ॲल्युमिनियमचे चकचकीत कण. सिलिंडरचं हेड उतरवलं. पिस्टनची कड उंदरांनी कुरतडल्यासारखी. त्याला सगळं कळलं. शर्यतीसाठी हेड घासून आतला दाब त्यानेच वाढवला होता. अशा इंजिनाला शर्यतीचं खास पेट्रोल लागतं. साध्यावर ते ठोकून ठोकून स्वतःलाच खातं.

"काय झालंय?" ओन्नीने विचारलं.

"थंडी."

"मागच्या आठवड्यात जास्त होती."

"मग पेट्रोल शिळं असेल."

"परवाच भरलाय कॅन," सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "उगाच शोधू नका, जावईबापू. माझाच हात जड. वय झालं आता. जाळी देऊन टाकते कुणाला तरी, तळ्यावर जाणं बंद."

नवऱ्याला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशीही जिने तळं चुकवलं नव्हतं, ती बाई हे बोलत होती. ताइस्तोने पाना खाली ठेवला.

"आई, हेड मी घासलंय," तो म्हणाला. "तुमचा काही दोष नाही."

आमच्याकडे माणसाची अब्रू जात असतानाही कॉफी फुंकूनच पितात. ओन्नीने ती संपवली.

"किती घासलंस?"

"मिलिमीटरभर."

"मिलिमीटर?" काल्लेर्वो कळवळला. "वेडा का खुळा तू? अर्ध्याच्या पुढे जायचंच नसतं. माझं बघ, दोन हिवाळे झाले, अजून..."

आणि त्याने कपात तोंड खुपसलं. ओन्नी हसला नाही. तो दाराबाहेरच्या आपल्या गाडीकडे बघत होता.

"ओन्नी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझाही प्लग काढायचा का?"

"नको, मावशी."

शर्यत 'बर्फ पातळ असल्यामुळे' रद्द झाली. बर्फ हातभर जाड होता. रविवारी काल्लेर्वोने स्वतः येऊन आपल्या गाडीची किल्ली सासूबाईंच्या हातात ठेवली, सोबत चांगल्या पेट्रोलचे दोन कॅन. त्यांनी शर्यतीच्या वाटेवर मधोमध जाळी लावली. बर्फाला भोकं पाडायला तिघेही स्पर्धक गेले होते.