गायकवाडांचा दुसरा डबा

जवळ या, लांबूनच मान हलवू नका. आणि कपाळावरची ती आठी आधी काढा. भारत हरला की डबा बडवणारा माणूस, एवढं ऐकलं की तुम्ही लगेच निकाल लावून मोकळे. मीही तेच केलं होतं. म्हणून तर संतापले आहे, आणि त्यातला निम्मा संताप माझ्यावरच आहे.

इथं सिंगापुरात, क्लेमेंटीला, आमच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये गायकवाड राहतात. जन्म जहाजाच्या इंजिनात गेलेला, आता बंदरावर जहाजांची तपासणी करतात. बायको वारलेली, घरी एकटेच. वेस्ट इंडीजनं विकेट घेतली की बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा बडवायचे, चौकार मारला की शंख फुंकायचे. समोर भारत असला तरी तेच. माझ्या देवघरातली समई हलायची. नात इथल्या इंग्रजीत म्हणायची, "अंकल सो नॉइझी, लाह."

बोलायचे तेही असंच दणक्यात. आधी बजावायचे, "खरं बोलणार आहे, पाणी जवळ ठेवा." मग समोरच्याला ठसका लागायचाच. एकानं गोड हसत विचारलं, गायकवाड म्हणजे बडोद्याचे का? हे म्हणाले, "नाही, वेशीबाहेरचे." दुसऱ्या एका बाई मुलासाठी गोरी सून शोधत होत्या. त्यांना म्हणाले, त्यापेक्षा हॉलमध्ये जास्तीची ट्यूबलाइट लावा.

हे डब्याचं वेड कुठलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. जहाजावर विन्स्टन म्हणून वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा एक काळा खलाशी त्यांचा जिवाचा दोस्त होता. त्यानं यांना आपल्या गावी मॅचला नेलं. तिथं लोक डबे, पिंपं, शंख, मिळेल ते वाजवत होते. आणि वाजवता वाजवताच एकमेकांना सांगत होते, कुणाचा आजा कुणाच्या उसात राबला, कुठल्या क्लबात काळ्याला पाय ठेवू देत नसत. गायकवाड म्हणाले, "ताई, रडत नव्हते हो. नाचत सांगत होते. आणि कुणाला लाज नव्हती."

मला तेव्हा अर्धंच कळलं. या फ्लॅटच्या आधी माझ्या मुलानं घरासाठी किती फोन केले होते. नाव ऐकलं की पलीकडून उत्तर, मालकाला इंडियन नकोत. इथं राहायला आल्यावर मी महिनाभर येईल त्याच्यापुढे आग ओकत होते. आमच्या इथल्या मराठी मंडळातले सगळे माझ्यासोबत चिडले. गायकवाडांनी मात्र चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाले, "राग जपून ठेवा. उपयोगी पडेल."

पडला नाही, तेच तर सांगते आहे.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला ढोलवाले ऐनवेळी आलेच नाहीत. सेक्रेटरीसाहेबांनी भर हॉलमध्ये गायकवाडांना हाक मारली. "गायकवाड, तुम्ही वाजवा की. तुमच्या तर रक्तातच आहे." हॉल हसला. मी मोदक मांडत होते, मीही हसले.

गायकवाड उठले. पाण्याचं वगैरे काही म्हणाले नाहीत. "माझा बाप गावात हलगी वाजवायचा. नाचायचे तुम्ही, आणि जेवायला त्याला गोठ्यापाशी बसवायचे. मी आमची टीम जिंकल्यावर वाजवतो, साहेब. सांगितल्यावर नाही."

ते चपला घालून निघून गेले. मागून सेक्रेटरीसाहेब म्हणतात, इथं सिंगापुरात जात कोण मानतं, उगाच विषय काढतात. माना डोलल्या. त्याच माना, इंडियन नकोत ऐकून ज्यांच्या शिरा ताठल्या होत्या. माझा जपून ठेवलेला राग जिभेपर्यंत आला होता. मी तो गिळला आणि प्रसाद वाटला.

त्यानंतर वरचा मजला गप्प झाला. गायकवाड मंडळात आले नाहीत, आणि त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. तीन महिने समई हलली नाही.

मग एका रविवारी दुपारी ऑस्ट्रेलियात भारत आणि वेस्ट इंडीजचा सामना होता. आमच्याकडे टीव्ही लावलेला. वेस्ट इंडीज जिंकली. मी छताकडे पाहत बसले. काही नाही. शेवटी उठले आणि जिना चढले.

दार उघडंच होतं. गायकवाड रेडिओपाशी बसले होते, डबा मांडीवर, हात डब्यावर, पण वाजवत नव्हते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तसाच दुसरा डबा, त्यावर दोन लाकडी चमचे. हा कुणाचा, मी विचारलं.

"येईल त्याचा. विन्स्टन म्हणायचा, एकट्यानं वाजवलं तर ते काम, दोघांनी वाजवलं तर सण. सहा वर्षं मांडतोय, प्रत्येक मॅचला."

सहा वर्षं. आणि मी खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकत होते.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी हसले होते, गायकवाड."

"पाहिलं होतं मी."

असू दे, जाऊ दे, असलं काही म्हणाले नाहीत. का म्हणावं? मी दुसरा डबा उचलला, खुर्चीत बसले आणि बडवला. अगदीच बेताल. ते म्हणाले, "तसं नाही, ताई. माझा बाप असं वाजवायचा." आणि त्यांचा हात सुरू झाला. खाली माझ्या मुलाला वाटलं, भारत हरल्याच्या धक्क्यानं आईचं डोकं फिरलं.

आता तिथं तिसरी खुर्ची मांडली आहे. डबा मीच धुऊन ठेवलाय. पुढच्या रविवारी मॅच आहे, तेव्हा उगाच सबबी सांगू नका, या लवकर. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीसुद्धा. पाणी मी जवळ ठेवते.