चौकडीची चादर

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. सिद्धाप्पा अण्णांच्या धाकट्या भावाच्या, महादेवच्या अपघाताचा जो फोटो सोलापूरभर फिरला, तो मी काढला होता. अक्कलकोट रोडवर, गाडी बाजूला घेऊन. पडलेला माणूस कोण, ते मला ठाऊक नव्हतं. 'गाडी जपून चालवा' असं खाली लिहून मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि मोठी समाजसेवा केल्यासारखा कामाला गेलो. संध्याकाळी समोरच्या दारात चपलांचा ढीग दिसला, तेव्हा कळलं. तोवर फोटो इतक्या हातांतून गेला होता की पहिला हात कुणाचा, हे कुणीच सांगू शकलं नसतं.

समोरचं दार अण्णांचं. मूळचे दुधनीचे. एमआयडीसीतल्या चादरींच्या कारखान्यात घडी घालायच्या खात्यात त्यांचा उभा जन्म गेला. आता निवृत्त आहेत, पण झाकपाक सुटलेली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ते कुठलाही फोटो उघडा टाकत नाहीत. आधी येतो एका चादरीचा फोटो. मग एक ओळ. मग खरा फोटो.

"सावधान. चादरीखाली जिलेबी हाय. शुगरवाल्यांनी हितंच थांबावं."

"चादरीखाली आमच्या हिची शेंगाचटणी. लई तिखट. नुसतं बघून ठसका लागला तर आमी जबाबदार न्हाय."

सुरुवातीला आम्ही पोट धरून हसलो. मग हळूहळू चादरींची भाषा कळू लागली. फुलांची चादर आली तर खुशाल बघावं. मोराची आली तर कुणाच्या तरी घरी लग्न किंवा बारसं. आणि चौकडीची आली, तर आधी बसून घ्यावं. चौकडीची दिसली की तळमजल्यावरच्या पाटील वहिनी खुर्ची ओढतात, नवऱ्याला हाक मारतात आणि मगच बोट पुढं सरकवतात. एवढा धाक सोसायटीच्या सेक्रेटरीलाही जमलेला नाही.

प्रत्यक्षातही तेच. अण्णा बेल वाजवून बाहेरूनच ओरडतात, "वहिनी, घाबरू नका, बातमी न्हाय आणली. वाटी परत आणलीय."

परवा त्यांनी मला घाईघाईनं बोलावलं. "सुधीरराव, फोन बिघडला की!"

पुण्याहून मुलीनं नातवाचा आंघोळीचा फोटो पाठवला होता. फोननं तो धूसर करून वर लिहिलं होतं, 'संवेदनशील फोटो असू शकतो.' मुलीनंच मागच्या खेपेला ती सोय चालू करून ठेवली होती. मी समजावून सांगितलं. अण्णा चष्मा कपाळावर चढवून त्या धुक्याकडे बघत राहिले. मग एकदम खूश झाले.

"म्हंजे ह्यानं बाळाला चादर घातली?"

"तसंच म्हणा."

"बरं केलं. थंडी हाय." आणि मग, "पण काल मारामारीचा व्हिडिओ आला, तो उघडाच ठेवला की! अजून शिकाऊ दिसतोय. असू दे, बंद करू नका. शिकंल हळूहळू."

मीही हसलो. हसता हसता, इतकी वर्षं टाळलेला प्रश्न तोंडून निसटला. "अण्णा, तुम्हाला हा चादरींचा नाद लागला कसा?"

त्यांनी फोन उपडा ठेवला.

"चहाच्या सुट्टीत होतो. एका हातात बशी, एका हातात फोन. फोटो आला. तोंड पलीकडं होतं, पण डब्याची पिशवी दिसली. टॉवेलच्या तुकड्याची. आमच्या हिनंच शिवून दिल्ती महादेवला." मग म्हणाले, "बशी कुटं ठेवली, अजून आठवत न्हाय."

मी भिंतीकडे बघत विचारलं, "ज्यानं फोटो काढला, त्याचा राग येत नाही?"

"यायचा की. लई यायचा. मग वाटलं, आमी नुसता फोटो बघितला. त्यानं तर समोर बघितलं. रस्त्यानं आपला चाललेला माणूस. त्या बिचाऱ्याला कुणी आधी सांगितलं न्हाय, पुढं काय हाय ते."

इतकी वर्षं मला वाटत होतं की अण्णा ग्रुपवरच्या लोकांना जपतात. त्यांच्या चादरीखाली मीही होतो.

मला बोलायचं होतं. सुरुवात कशी करायची, तेही त्यांनीच शिकवलेलं होतं. म्हणालो, "अण्णा, जरा बसून घेता?"

ते लगेच बसले. माझ्या चेहऱ्याकडे बघून हसले. "काय हो, फुलांची का चौकडीची?"

"काही नाही," मी म्हणालो. "थोडं पाणी द्या."

ते उठून आत गेले. आतून ओरडले, "माठातलं हाय, सांगून ठेवतो, लई गार हाय!"

मी पाणी प्यालो आणि घरी आलो.

आता उरलेलंही सांगतो. मीही चादरींच्याच धंद्यातला. त्या दिवशी माझ्या गाडीला मागं सँपलच्या चादरींचा गठ्ठा बांधलेला होता. रस्त्यावर कुणीतरी ओरडलंही होतं, "अहो, कुणाकडं चादर हाय का?" माझे दोन्ही हात फोनमध्ये गुंतलेले होते.

महादेवच्या अंगावर घालायची राहिलेली ती एक चादर मी अण्णांना देणं लागतो. आणि ती का घातली नाही, हे त्यांच्यासमोर बसून सांगणंही.